सात इंचांचा झोक

फॉलिंगवॉटर या घराचा जगभर गेलेला फोटो नेहमी एकाच जागेवरून काढलेला असतो. ओढ्याच्या खालच्या अंगाला उभं राहायचं आणि वर पाहायचं. फिक्या मातकट रंगाच्या गच्च्या एकावर एक हवेत पुढे आलेल्या, त्यांच्या पोटाखालून पाणी कोसळतंय आणि मागे दगडी भिंतींचा उभा गाभा. हा फोटो सुंदर आहेच. पण ज्या चित्रापाशी मी पुन:पुन्हा जातो ते निराळंच आहे: दिवाणखान्याची जमीन उभी कापून दाखवणारा छेद. न्यूयॉर्कचे स्ट्रक्चरल इंजिनिअर रॉबर्ट सिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली या जमिनीची जी दुरुस्ती केली, तिचं सगळं मर्म त्या छेदात उलगडतं.

वास्तूंचं रसग्रहण करताना आपण वास्तुकाराबद्दल भरभरून बोलतो. दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्याला फार तर बिलाचा आकडा येतो. इथे तो आकडा, घराच्या इतर डागडुजीसह, सुमारे १ कोटी १५ लाख डॉलर होता आणि वर्तमानपत्रांनी तोच ठळक छापला. मला मात्र ही दुरुस्ती मूळ घराच्या शेजारी मानाने बसवावी अशी कृती वाटते. तिने काय केलं हे पाहण्यासारखं आहे. तिने काय करायचं नाकारलं, ते त्याहून.

घराचा इतिहास थोडक्यात असा. पिट्सबर्गमधल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचे मालक एडगर कॉफमन यांना पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात, बेअर रन नावाच्या ओढ्याकाठी सुट्टीचं घर हवं होतं. धबधबा समोर दिसेल असं घर त्यांच्या मनात होतं. फ्रँक लॉईड राईट यांनी १९३५ साली घर धबधब्यावरच ठेवलं. १९३७ पर्यंत मुख्य घर उभं राहिलं. राईट तेव्हा साठी ओलांडलेले, कामं आटलेली. या एका घराने त्यांची दुसरी कारकीर्द सुरू केली.

आता जमीन पाहू. आपल्याकडच्या जुन्या वाड्याचा कडीपाट डोळ्यांपुढे आणा. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, त्यावर माती किंवा फरशी. खाली उताणं पडलं की सगळी रचना वाचता येते, आणि एखादी कडी लवली तर तीही. राईटनी हा क्रम उलटा केला. त्यांचा काँक्रीटचा स्लॅब सगळ्यात तळाला आहे आणि तुळया व कड्या त्याच्या पाठीवर उभ्या आहेत. मुख्य तुळया चार. त्या दगडी गाभ्याकडून निघून धबधब्याच्या दिशेने जातात आणि शेवटच्या आधारानंतर सुमारे १५ फूट नुसत्या हवेत झेपावतात. त्यांना जोडणाऱ्या कड्या अवघ्या चार इंच रुंदीच्या, दर चार फुटांवर एक. त्यांच्यामध्ये पोकळी, वर लाकडी बैठक आणि तिच्यावर तिथल्याच वालुकाश्माच्या फरश्या.

हा उलटेपणा लहर म्हणून आलेला नाही. दोन्ही टोकांना टेकलेली तुळई भाराखाली मध्ये लवते, तेव्हा तिचा तळ ताणला जातो आणि माथा दाबला जातो. एका टोकाला धरलेल्या, पुढे झेपावणाऱ्या तुळईत नेमकं उलटं होतं: माथा ताणला जातो, तळ दाबला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण जवळजवळ सोसतच नाही. मग दाब जिथे आहे तिथे, म्हणजे तळाला, काँक्रीटचा रुंद स्लॅब हवा. राईटनी तो तिथेच ठेवला. त्यातून दुसरा लाभ आपोआप झाला. ओढ्यातून वर पाहिलं की एकही कडी दिसत नाही, दिसतो तो सपाट, गुळगुळीत तळ. गणित आणि दृश्य एकाच निर्णयात सुटलेले असे प्रसंग वास्तुकलेत फार येत नाहीत. आलेला दिसला की थांबून दाद द्यावी.

आणि त्या कड्यांमधली ती पोकळी. राईटना तिचं फारसं महत्त्व वाटलं नसावं. साठ-पासष्ट वर्षांनी तीच घराच्या कामी आली.

कारण ही जमीन पुढे झुकत गेली. चूक सळयांत होती. तुळयांच्या माथ्याशी एक इंची चौरस सळया आठ घालाव्यात असं राईटच्या कचेरीचं आरेखन सांगत होतं. कॉफमनना शंका आली. त्यांनी पिट्सबर्गच्या मेट्झगर-रिचर्डसन या इंजिनिअरांच्या फर्मकडून नकाशे तपासून घेतले. फर्मने राईटना न विचारता सळयांची संख्या दुप्पट केली. राईटना कळलं तेव्हा ते भयंकर चिडले आणि कॉफमनशी त्यांचा खडाजंगी पत्रव्यवहार झाला. आज ती चीड समजू शकते, पण कौल त्यांच्या बाजूने देता येत नाही. मूळ आकड्याच्या सळयांवर हा मजला तगला नसता, हे पुढच्या आकडेमोडीतून स्पष्ट झालं. इतकी अचूक नजर असलेल्या माणसाच्या हातून माथ्यावरचं लोखंड कमी पडावं, आणि ज्यांची नावं कुणी घेत नाही अशा हिशेबी माणसांनी ते गुपचूप भरून काढावं! फॉलिंगवॉटर आज पाहायला मिळतं त्याचं मोठं श्रेय मी त्या फर्मला देतो.

दुप्पट सळयाही पुरेशा नव्हत्या. शिवाय सेंटरिंग बांधताना एक साधी खबरदारी राहून गेली. झेपावणारा भाग सेंटरिंग काढल्यावर थोडा झुकणारच, म्हणून त्याचं टोक आधीच किंचित चढं धरायचं असतं. इथे ते सरळ धरलं होतं. सेंटरिंग उतरवताच दिवाणखान्याची जमीन पावणेदोन इंच खाली आली. वरच्या गच्चीच्या कठड्याला तडे दिसले.

याच काळातली एक हकिगत राईटचा शिष्य आणि जागेवर देखरेख करणारा बॉब मोशर याच्याकडून पुढे आली. इंजिनिअरांच्या आग्रहाने पश्चिमेकडच्या गच्चीखाली आधाराची दगडी भिंत बांधली गेली होती. राईटनी मोशरला तिचा वरचा थर गुपचूप काढून ठेवायला लावला. मग काही काळाने कॉफमनना तिथे नेऊन दाखवलं: भिंत गच्चीला टेकलेलीच नाही आणि गच्ची उभी आहे. गोष्ट ऐकायला रंगतदार आहे. मला तिच्यात एका मोठ्या कलावंताचा हट्ट दिसतो आणि त्या हट्टाखालची भीतीही.

कॉफमननी मात्र स्वस्थ न बसता काम केलं. १९४१ पासून १९५५ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत ते कठड्यांची पातळी वेळोवेळी मोजून घेत राहिले. मालकाने आपल्या घराचा झोक चौदा वर्षं नोंदवून ठेवला, म्हणून पुढच्या इंजिनिअरांच्या हाती सुरुवातीचा इतिहास आला. १९६३ मध्ये मुलाने, एडगर कॉफमन ज्युनिअर यांनी, घर वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी या संस्थेला दिलं आणि पुढे ते लोकांसाठी उघडलं. नोंदी थांबल्या होत्या. झोक थांबला नव्हता.

काँक्रीटचा एक स्वभाव इथे लक्षात घ्यावा लागतो. सतत दाबाखाली ठेवलं तर ते वर्षानुवर्षं अगदी हळू दबत जातं. भार तोच असतो, वाकणं वाढत जातं. त्यात माथ्याशी लोखंड कमी असेल तर तडे रुंदावतात, तड्यांनी तुळईचा कणखरपणा घटतो, आणि घटलेल्या कणखरपणाने झोक आणखी वाढतो. १९९० च्या दशकाच्या मध्यात एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आणि संस्थेने सिलमनना बोलावलं. सगळ्यात पुढे आलेल्या टोकाला, शयनगृहाच्या गच्चीवर, साधारण १५ फुटांत झोक सात इंचांपर्यंत पोचला होता. एवढ्या झेपेला इंचभरही पुष्कळ म्हणतात.

सिलमन यांच्या माणसांनी घर फोडलं नाही. रडार आणि अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने काँक्रीटच्या आतल्या सळया शोधल्या, तड्यांवर आणि तुळयांवर इलेक्ट्रॉनिक मोजयंत्रं बसवून वर्षभराहून जास्त काळ त्यांच्या हालचाली टिपल्या. ऊन-थंडीने घर श्वास घेतल्यासारखं वरखाली होत होतं. ते सगळं वजा केल्यावरही उरणारा आकडा एकाच दिशेने चालला होता: खाली.

आता या दुरुस्तीतला माझा सगळ्यात आवडता भाग. दिवाणखान्याच्या दक्षिणेकडच्या खिडक्यांमध्ये चार बारीक पोलादी उभे दांडे आहेत, आडव्या छेदात इंग्रजी टी अक्षरासारखे. पाहणाऱ्याला ते काचा धरणाऱ्या चौकटीचा भाग वाटतात, रंगही चौकटीचाच. हिशेब मांडल्यावर कळलं की वरची गच्ची स्वत:च्या जोरावर उभीच नाही. ती या दांड्यांवर टेकली आहे आणि तिचं ओझं दांड्यांतून खाली, दिवाणखान्याच्या झेपावलेल्या टोकाशी उतरतं. म्हणजे खालचा मजला आपला भार वाहतोच, वरचाही वाहतो, तोही नेमका जिथे तो सगळ्यात कमजोर आहे तिथे. फोटोत दोन स्वतंत्र झेपा दिसतात. प्रत्यक्षात एक झेप आणि तिच्या खांद्यावर दुसरी. इतकी वर्षं लाखो डोळ्यांसमोर असलेले चार दांडे एकाएकी घराच्या कथेतली मुख्य पात्रं ठरावीत, याहून मोठा शोध एखाद्या जुन्या वास्तूत काय लागायचा?

या शोधातूनच उपायाची दिशा मिळाली. झोक सगळ्यात जास्त वर होता, तरी मुख्य औषध खाली द्यायचं होतं. वरची गच्ची खालच्या जमिनीवर टेकलेली आहे, तेव्हा खालची जमीन बळकट केली की वरचीही सावरते. वर फोडाफोड करायचं कारण उरलं नाही.

तोवर १९९७ मध्ये तात्पुरता आधार दिला गेला: ओढ्याच्या खडकावर पोलादी सांगाडा उभारून तुळयांना टेकू. वाड्यातली तुळई लवली की आपले सुतार खाली धिरा देतात, तसंच हे. धिरा प्रामाणिक असतो आणि बहुतेक घरांना पुरतो. पण हवेत तरंगणारं घर पाहायला आलेल्या माणसाला तिथे टेकूंचं रान दिसत होतं. तेच कायम ठेवलं असतं तर घर वाचलं असतं आणि घराचा अर्थ गेला असता. ते टेकू काही वर्षं तिथे राहिले, कारण घाई करायची नाही असं ठरलं होतं. बाहेरच्या तज्ज्ञांकडून आराखडा तपासून घेतला गेला. राईटच्या हयातीत हीच तपासणी भांडणाचं कारण ठरली होती.

लवलेल्या तुळईला बळ देण्याचे मार्ग बरेच आहेत. बाजूने पोलादी पट्ट्या जोडता येतात, कार्बन तंतूंच्या पट्ट्या चिकटवता येतात. पण या पट्ट्या आपण लावल्या क्षणी काहीच भार उचलत नाहीत. तुळई आणखी थोडी वाकली की मगच त्या कामाला लागतात. इथे आणखी वाकू द्यायचं नव्हतं. हवा होता असा उपाय जो पहिल्या क्षणापासून उलट जोर लावेल. सिलमननी तुळयांना बाहेरून ताणलेल्या पोलादी तारांनी आवळायचं ठरवलं. पुस्तकांची रांग दोन्ही टोकांना तळहातांनी घट्ट दाबून धरली तर मधल्या पुस्तकांना खालून आधार नसतानाही ती अख्खी उचलता येते, तत्त्व तेच. तुळईच्या दोन्ही कुशींना काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, त्यांत जाड पोलादी दोरांची टोकं अडकवायची, आणि हायड्रॉलिक जॅकने दोर ताणायचे. ताणलेला दोर आखडू पाहतो, तुळई लांबीच्या दिशेने दाबली जाते, जोर मुख्यत: माथ्याच्या अंगाला पडेल अशी योजना असते, आणि उघडं पडलेलं काँक्रीट मिटू लागतं. जिथे राईटचं लोखंड कमी पडलं होतं, तिथे साठ वर्षांनी नेमकं ते पोचलं.

पण हे दोर जाणार कुठून? त्या पोकळीतून. स्लॅब तळाला होता आणि कड्या वर होत्या, म्हणून फरशी उचलली की तुळयांच्या कुशी उघड्या. वाड्यासारखा कडीपाट असता तर दोर आणि ठोकळे खालून दिसले असते. इथे खालचा गुळगुळीत तळ तसाच राहिला. राईटच्या चुकीवरच्या इलाजाला जागा मिळाली ती राईटच्याच शहाणपणात. छेद पाहताना माझं बोट दर वेळी इथे येऊन थांबतं.

फरशी उचलणं हे ऐकायला सोपं वाटतं. दिवाणखान्यातली फरशी म्हणजे या घराची अर्धी जादू. ओबडधोबड आकारांचे वालुकाश्म मेणाने असे घासलेले की ओढ्याच्या ओल्या खडकासारखे चकाकतात. शेकोटीपाशी मूळ खडक जमिनीतून वर आलेला आहे, त्याला मेण लावलेलं नाही. पाण्यातून डोकं काढलेल्या कोरड्या दगडासारखा तो दिसतो, भोवती चमकती फरशी आणि मध्ये हा रुक्ष, सुकलेला खडक. त्या फरशीतला एक दगड इकडचा तिकडे झाला असता तर पाण्याचा भास तुटला असता. म्हणून प्रत्येक फरशीवर क्रमांक घातला गेला, नकाशा केला गेला, जमिनीशी जडवलेलं फर्निचर काढलं गेलं आणि काम झाल्यावर सगळं जिथल्या तिथे परत बसवलं गेलं. इंजिनिअरिंगच्या अहवालात हे एका वाक्यात येतं. मी ते दुरुस्तीतलं अर्धं कौशल्य मानतो. दोर ताणायला जॅक लागतो. फरशी परत त्याच खाचेत बसवायला दगडावर माया असलेला माणूस लागतो.

आणि मग तो नकार. टप्प्याटप्प्याने दोर ताणले गेले तेव्हा तुळयांची टोकं टेकूवरून किंचित सुटली. जोर कामाला लागल्याची ती खूण. आणखी ताणून घर पुन्हा पातळीत आणायचा मोह कुणालाही झाला असता. जग पाहतंय, पैसा जमलाय, आणि मूळ नकाशात तर गच्ची समतल दाखवलेली आहे! सिलमन तिथेच थांबले. साठ वर्षांत घर त्या झोकाशी जुळवून घेऊन बसलं होतं. तडे बुजवले गेले होते, खिडक्यांच्या चौकटी वाकड्या अंगाला रुळल्या होत्या, काचा त्या मापाने बसवलेल्या होत्या. वर उचललं असतं तर नव्या जागी नवे तडे गेले असते, काचा तडकल्या असत्या, दगडी सांधे उसवले असते. ठरलं ते एवढंच: झोक यापुढे वाढू द्यायचा नाही, झालेला झोक घराचा म्हणून राहू द्यायचा.

या निर्णयाला मी या दुरुस्तीचा मुकुटमणी म्हणतो. ताकद असूनही ती वापरायची नाही हे फार कमी माणसांना जमतं. त्यांनी राईटच्या नकाशाला नव्हे, उभ्या घराला प्रमाण मानलं. नकाशा १९३५ चा. घर १९३७ पासून रोज थोडं थोडं घडत आलेलं. त्या घडणीत काँक्रीटचा वाटा आहे, पाण्याचा आहे, कॉफमनच्या मोजपट्टीचा आहे आणि त्या फर्मच्या जास्तीच्या सळयांचाही. सगळ्यांचा मिळून तो सात इंचांचा झोक. तो पुसणं म्हणजे यातल्या प्रत्येकाला पुसणं.

काहींचा आक्षेप असतो की जमिनीखाली लपवलेले पोलादी दोर म्हणजे फसवणूक. झेप आता स्वत:च्या बळावर नाही. मला हा आक्षेप पटत नाही. ही झेप पहिल्या दिवसापासूनच सगळ्यांच्या बळावर होती. सळया काँक्रीटमध्ये लपलेल्या होत्या, टी आकाराचे दांडे खिडकीच्या चौकटीत लपलेले होते, आणि त्यांना कुणी फसवणूक म्हटलं नव्हतं. दोर तुळयांच्या शेजारी आहेत, त्यांच्या पोटात खुपसलेले नाहीत. पुढच्या पिढीतल्या इंजिनिअरने फरशी उचलली तर जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे त्याला सहज कळेल. स्वत:चं काम असं ओळखू येईल ही सोय ठेवणं मला तरी प्रामाणिकपणाचंच लक्षण वाटतं.

२०१९ मध्ये युनेस्कोने राईटच्या आठ वास्तू एकत्रितपणे जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या, त्यांत फॉलिंगवॉटर आहे. तिथे जायचा योग आला तर तो प्रसिद्ध फोटो काढून झाल्यावर जरा बाजूला सरका. समोरून झोक कळत नाही. शयनगृहाच्या गच्चीच्या बाजूच्या कठड्याची वरची कड निवडा आणि तिच्यामागे दगडी भिंतीत आडवे थर आहेत, त्यांतला एक थर निवडा. थर पातळीत आहे, कड पाण्याकडे उतरत गेली आहे. टोकापाशी दोहोंतलं अंतर डोळ्यांनीच मोजता येतं, आणि ते २००२ मध्ये जेवढं होतं तेवढंच असावं यासाठी दिवाणखान्याच्या फरशीखाली दोर आजही ताणलेले आहेत.